सादरीकरणासाठी विधिवत बंद

२ सप्टेंबर, सोमवार

पंपवाल्या कंपनीचा वार्षिक अहवाल आला. फ्रेंचमधून इंग्रजीत करायचा. ऑफिसात फ्रेंचवाले आम्ही दोघंच, मी आणि विचारपूस. अहवाल मला मिळाला. साहजिक आहे.

विचारपूस म्हणजे समोरच्या टेबलावरचा. आईवडिलांनी त्याला दुसरं नाव ठेवलं आहे, पण माझं जास्त नेमकं आहे. जरा अडलं की फोन उचलतो आणि ग्राहकाला विचारतो, इथे तुम्हाला नक्की काय म्हणायचंय? मग हवापाणी, मग त्यांच्या मुलांच्या परीक्षा. मी इंजिनिअर आहे. मशीन बिघडलं तर मी मशीनला ‘तुला काय वाटतं’ असं विचारत नाही.

आमच्याकडे प्रत्येक कामाबरोबर एक क्वेरी शीट जातं. अनुवादकाने शंका लिहायच्या, ग्राहकाने उत्तरं द्यायची. नोकरी लागल्यापासून माझं प्रत्येक शीट कोरं गेलं आहे. त्याचं शीट कधीकधी मूळ मजकुरापेक्षा लांब असतं. आणि हे तो हसत हसत सांगतो.

महिनाअखेर बॉस टर्मबेसच्या प्रमुखाची कायम जागा भरणार आहेत. टर्मबेस म्हणजे कुठल्या शब्दाला कुठला शब्द वापरायचा याची सगळ्या ऑफिसची एकच यादी. उमेदवार दोन आहेत. कागदोपत्री दोन.

रात्री जेवताना ताईला सांगून टाकलं, एक तारखेला मी तुमची मागची खोली रिकामी करते. गच्चीलगतची एक खोली बघून ठेवली आहे, मालकीणबाईंना फक्त कायम नोकरीचं पत्र दाखवायचं आहे. भावजी ‘अच्छा’ म्हणाले आणि टीव्हीचा आवाज परत वाढवला. ताई म्हणाली, मग सासूबाईंना एक तारखेलाच बोलावून घेते, त्यांच्या गुडघ्याचं दाखवायचंच आहे. म्हटलं, खुशाल बोलाव.

चार वर्षं बहिणीच्या घरात राहून मी एकदाही काही मागितलेलं नाही. आता जातानाही मागणार नाही.

३ सप्टेंबर

पान सात. संचालक मंडळाने वर्षाचे हिशोब अमुक केले, असं वाक्य. ‘अमुक’च्या जागी क्रियापद आहे ‘आरेते’.

रोजच्या फ्रेंचमध्ये आरेते म्हणजे थांबवणे. गाडी थांबवली, मशीन बंद केलं, सिगारेट सोडली, चोराला पकडलं, या सगळ्याला आरेते. पण हिशोब कुणी थांबवत नाही. हिशोब तयार करतात, बंद करतात नाही तर मंजूर करतात. ‘तयार केले’ म्हणावं तर ते अकाउंटंटने केलेले असतात. ‘मंजूर केले’ म्हणावं तर तो अधिकार भागधारकांच्या सभेचा, मंडळाचा नव्हे. ‘बंद केले’ म्हणावं तर मंडळाने कारकुनी केल्यासारखं वाटतं. जाडजूड डिक्शनऱ्या तिन्ही अर्थ देतात आणि शेवटी ‘संदर्भानुसार’ लिहून हात झटकतात.

उद्या दुपारपर्यंत निकाल लावते.

५ सप्टेंबर

निकाल लागायचा आहे. पान सातवरच आहे, पण सखोल.

मावशींनी विचारलं, कुठवर आलीस. मावशी म्हणजे आमच्या तपासनीस. सगळं ऑफिस त्यांना मावशी म्हणतं; मी ‘तुम्ही’ एवढंच म्हणते. सांगितल्यावर म्हणाल्या, ‘फायनलाइज’ लिही आणि पान उलट. फायनलाइज हा शब्द ज्यांना काही ठरवता येत नाही त्यांच्यासाठी काढलेला आहे. अनेक वर्षं लोकांच्या चुका तपासून माणसाची चुकीशी मैत्री होते, दुसरं काय.

विचारपूसने मान वर न करता सुचवलं की पंपवाल्यांच्या हिशोबनीस बाईंना एक फोन लाव, फार छान बोलतात. मला छान बोलणाऱ्या बाई नको आहेत, मला उत्तर हवं आहे. हा फरक त्याला कळला असता तर तो इंजिनिअर झाला असता.

८ सप्टेंबर, रविवार

दिवसभर बसून प्रोग्रॅम लिहिला. ऑफिसच्या जुन्या सगळ्या कामांतून तो आरेते असलेली वाक्यं शोधेल, त्यांचं इंग्रजी मोजेल आणि बहुमताने अर्थ सांगेल. फोन नको, हांजी हांजी नको. माणूस खोटं बोलतो, मोजमाप बोलत नाही.

भावजी दारात उभे राहून प्रिंटरचं बघशील का म्हणत होते. आज नाही म्हटलं. ताई आतून म्हणाली, राहू द्या हो, तिचं काहीतरी महत्त्वाचं चाललंय. तिला निदान कळतं.

१० सप्टेंबर

प्रोग्रॅम उत्तम चालला. उत्तर: मंडळाने हिशोब थांबवले.

दोष प्रोग्रॅमचा नाही. आमच्या ऑफिसात निम्म्याहून जास्त काम लिफ्टच्या माहितीपुस्तकांचं असतं, तिथे सारखं काही ना काही थांबत असतं. असल्या ऑफिसच्या मालावर चालणाऱ्या प्रोग्रॅमने तरी काय करावं.

लिफ्ट वगळते.

११ सप्टेंबर

लिफ्ट वगळल्या. नवीन उत्तर: मंडळाने हिशोब सोडले. डॉक्टरांसाठीची पत्रकं मध्ये आली, धूम्रपान सोडा वगैरे. तीही वगळली. मग पोलीस खात्याची पत्रं वगळली, कारण मंडळाने हिशोबांना अटक केली होती.

शेवटी खरोखर हिशोबांबद्दलची सहा वाक्यं उरली. सहाही विचारपूसची. प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं आणि प्रत्येकापुढे एकच शेरा, ‘ग्राहकाला विचारून’. धोरण म्हणून काही चीज असते हे या माणसाच्या गावीही नाही. सहा कंपन्यांच्या सहा मंडळांनी सहा वेगळ्या गोष्टी केल्या असतील, हे मी कसं मान्य करू?

१३ सप्टेंबर, शुक्रवार

झालं.

मी स्वतःच शब्द बनवला: ‘फॉर्मली क्लोज फॉर सबमिशन’. सादरीकरणासाठी विधिवत बंद करणे. मंडळ हिशोब बंद करतं, नुसतं नाही तर विधिवत करतं, आणि कशासाठी, तर सभेपुढे सादर करण्यासाठी. तिन्ही अर्थ आले, एकाचंही मन दुखावलं नाही. डिक्शनऱ्यांना जे जमलं नाही ते.

आठ पानी टिपण लिहून ऑफिसात सगळ्यांना पाठवलं. तीन उत्तरं आली. बॉस: ‘थँक्स’. बॉस एका शब्दापलीकडे लिहीत नाहीत, त्यामुळे तो एक शब्द तोलून घ्यायचा असतो. दुसरं उत्तर रजेवर असलेल्या कुणाचं तरी आपोआप आलेलं. तिसरं मावशींचं: पान सात झालं असेल तर पुढची पानं केव्हा.

इतक्या पूर्ण गोष्टीकडे बघून ज्याला फक्त तारीख सुचते, त्याला काय म्हणावं.

१६ सप्टेंबर

आज शब्द लॉक केला.

टर्मबेसची किल्ली सध्या माझ्याकडे आहे. आधीचे प्रमुख नोकरी सोडून गेले तेव्हा बॉसनी तात्पुरती माझ्याकडे दिली, कारण सॉफ्टवेअर मला कळतं. (तात्पुरती हा त्यांचा शब्द.) लॉक केलेला शब्द सॉफ्टवेअर आपोआप भरतं आणि मग तो कुणालाही बदलता येत नाही. लॉक करताना ‘कोणत्या विभागासाठी’ असा एक चौकोन येतो: हिशोब, वैद्यक, यंत्रं वगैरे. चौकोन मोकळा सोडला तर लॉक सगळ्यांना लागू.

मोकळा सोडला. सत्याला विभाग नसतो.

आता महिनाअखेरची मुलाखत म्हणजे नुसता उपचार आहे. सॉफ्टवेअरमध्ये शब्दापुढे माझं नाव दिसतं, बारीक निळ्या अक्षरांत. दोन-तीनदा उघडून पाहिलं. बरोबर दिसतं.

१७ सप्टेंबर

विचारपूस तक्रार घेऊन आला. त्याच्या वाक्यात माझा शब्द बसत नाही आणि काढताही येत नाही. म्हटलं, मग वाक्य बदल. तो माझ्या टेबलावर वाकला. त्याने विचारलं, तू चेष्टा करतेयस का. प्रश्न विचारायची सवय एकदा लागली की अशी वाढत जाते.

मग त्याने माझ्यासाठी चहा आणून ठेवला. हरलेला माणूस असाच वागतो. मी प्यायले नाही. निवल्यावर प्यायले.

१९ सप्टेंबर, गुरुवार

लिफ्टवाल्यांचा फोन. त्यांच्या माहितीपुस्तकाची नवीन आवृत्ती परवाच्या रात्री सॉफ्टवेअरने जुन्या कामांवरून आपोआप भरून पाठवली. त्यात आहे म्हणे: धोका दिसताच लिफ्ट सादरीकरणासाठी विधिवत बंद करावी. त्यांचा माणूस मावशींना विचारत होता की बंद करून सादर कुणाकडे करायची. मावशींनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं.

माझं म्हणणं असं की यातून काहीही अपाय होत नाही. लिफ्ट बंद होतेच. उलट विधिवत होते.

मावशी फोनवर किती तरी वेळ ‘हो, हो, चूक आमचीच’ म्हणत बसल्या. कणा नावाची वस्तू माणसाला एकदाच मिळते.

२० सप्टेंबर

औषधवाले: गोळ्या सादरीकरणासाठी विधिवत बंद करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

पोलीस खातं: पहाटे दोन इसमांना सादरीकरणासाठी विधिवत बंद करण्यात आले. यांनी तक्रार केलेली नाही. त्यांना ते बरोबर वाटलं. म्हणजे शब्दात दम आहे.

मधल्या सुट्टीत पलीकडच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं, ‘डबा विधिवत बंद करा,’ आणि सगळे हसले. शब्द रुळायला लागला की लोक तो असा सहज वापरतात. मीही थोडं हसले, म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं वाटू नये.

पंपवाल्यांच्या अहवालाला या गडबडीत हात लावता आला नाही. पुढच्या आठवड्यात एका दमात.

२२ सप्टेंबर, रविवार

गच्चीलगतच्या खोलीवर जाऊन आले. पूर्वेला खिडकी, भिंतीत दोन फळ्या. टेप नेली होती. टेबल अगदी बसेल, खुर्ची मात्र बाजूने सरकवावी लागेल. मालकीणबाईंनी विचारलं, पत्र आणलं का. म्हटलं, तीस तारखेला. त्या म्हणाल्या, दुसरं एक जोडपं मागे लागलंय, पण तुम्ही शांत दिसता, तुमच्यासाठी थांबते.

तिथे खिडकीशी थोडा वेळ उभी राहिले. खालून कुणी हाक मारत नाही, कुणाचा टीव्ही नाही. आपण दार लावलं की लागलं.

घरी आल्यावर ताईने विचारलं, खोली नक्की ना गं, सासूबाईंचं तिकीट काढलंय. म्हटलं, ताई, मी कधी नक्की नसलेलं बोलते का. ती नळ सोडून भांडी विसळत राहिली.

२४ सप्टेंबर

बॉसनी सगळ्यांना बोलावलं. लिफ्ट, गोळ्या, इसम, तिन्ही वाक्यं त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली. हशा झाला. लिफ्टवाल्यांना हसत असावेत.

मग म्हणाले, लॉक काढ. काढला. मात्र मी स्पष्ट सांगितलं की त्याने जुनं काही दुरुस्त होणार नाही. या आठवडाभरात भरलेली वाक्यं सॉफ्टवेअरने योग्य म्हणून साठवून घेतली आहेत, आता तीच पुढच्या कामांत आपोआप येत राहतील. प्रत्येक वाक्य उघडून हाताने बदलावं लागेल.

बॉसनी विचारलं, म्हणजे आता सगळीकडे हेच आहे?

हो, म्हटलं, एकसारखं आहे.

त्यांनी तिन्ही वाक्यांचा कागद उलटा करून ठेवला. वरिष्ठ माणूस कामाचा आवाका लक्षात आला की कागद असा बाजूला ठेवतो. विचारपूसने तेवढ्यात हात वर करून विचारलं, किती वाक्यं असतील साधारण? त्याला प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायला हवंच. आकडा मला माहीत होता. सांगितला. या वेळी कुणी हसलं नाही.

२५ सप्टेंबर

पंपवाल्यांचा अहवाल शुक्रवारी द्यायचा आहे. माझी निम्मीच पानं झाली आहेत, कारण बाकीचे लोक पानं करत असताना मी पाया घालत होते. मावशींनी उरलेला अर्धा भाग विचारपूसला देऊन टाकला. मला विचारलंसुद्धा नाही.

बरंच झालं. दोघांची पानं शेजारी शेजारी आली की फरक बॉसना न सांगता दिसेल.

तो अर्ध्या तासात फोनवर. हिशोबनीस बाईंच्या धाकट्याला दात येताहेत हे आता सगळ्या ऑफिसला माहीत आहे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

जे झालं ते जसं झालं तसं लिहिते.

सकाळी विचारपूस खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी येऊन बसला. हळू आवाजात बोलत होता, म्हणजे मावशींना ऐकू जाऊ नये असा. तो बाईंशी बोलताना त्यांना सहज म्हणाला की तुमचं फ्रेंच जरा इंग्रजीच्या वळणाचं वाटतं. त्या म्हणाल्या, वाटणारच, आमचे वित्तप्रमुख इंग्रजीतच लिहितात. कायद्याला फ्रेंच प्रत लागते म्हणून तिचं फ्रेंच बाहेरून करून घेतलं. त्यांच्याकडे नव्याने आलेल्या कुणाला तरी फक्त फ्रेंच प्रत सापडली आणि त्याने ती आमच्याकडे इंग्रजी करायला पाठवली. मूळ इंग्रजी पहिल्यापासून त्यांच्या कपाटात आहे. तिथल्या तिथे त्यांनी ती धाडली.

‘म्हणजे हे काम करायचंच नव्हतं,’ तो म्हणाला. ‘कुणीतरी आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं.’

‘कुणीतरी’ म्हणाला. मुद्दाम असणार.

पान सात उघडलं. मूळ वाक्य: ‘द बोर्ड हॅज लुक्ड ॲट द अकाउंट्स.’

मंडळाने हिशोब पाहिले.

तयार केले नाहीत, बंद केले नाहीत, मंजूरही केले नाहीत. पाहिले. कुणीतरी सह्यांच्या आधी कागद चाळावेत तसे.

दुपारभर विचार केला. मूळ चुकीचं आहे. मंडळासारख्या संस्थेने हिशोब नुसते पाहणं कायद्याला धरून नाही. त्या वित्तप्रमुखांना सभ्य शब्दांत पत्र लिहिलं, पर्याय म्हणून माझा शब्द सुचवला, सोबत आठ पानी टिपण जोडलं.

संध्याकाळी उत्तर आलं. त्यांनी विचारलं होतं की मी कोण.

३० सप्टेंबर, सोमवार

बॉसच्या केबिनमध्ये. त्यांनी खुर्चीकडे हात केला. मी उभीच राहिले. मग बसले.

जागा विचारपूसला.

कारणं त्यांनी दिली, सगळी ऐकली नाहीत. लिफ्टवाल्यांनी पुढचं काम काढून घेतलं आहे हे ऐकलं. एक वाक्य जसंच्या तसं लक्षात आहे. ‘इतके महिने तुला एकदाही काही अडलं नाही,’ ते म्हणाले, ‘मला तेव्हाच काळजी वाटायला हवी होती.’ शिक्षा करत असल्यासारखं नाही, स्वतःवर वैतागल्यासारखं म्हणाले. ते जास्त वाईट.

माझं कंत्राट आणखी सहा महिने वाढवलं आहे. काम एकच: साठलेली वाक्यं उघडायची, एकेक हाताने दुरुस्त करायची. हे काम दुसऱ्या कुणाला देता आलं नसतं, हे मात्र खरं. इतक्या बारकाईने त्या वाक्यांकडे कोण बघणार?

टर्मबेसची किल्ली विचारपूसला दिली. कशी चालते ते समजून घ्यायला तो वही घेऊन आला. पाच प्रश्न विचारले. विभागाचा चौकोन कशासाठी असतो, हा पहिला. पाचही प्रश्न बरे होते. मी उत्तरं दिली. तो म्हणाला, दुरुस्तीत अडलं तर सांग, आपण वाटून घेऊ. म्हटलं, मला अडत नाही. त्याने वही मिटली. मग तो म्हणाला, ‘बरं बाई,’ आणि गेला.

मालकीणबाईंना फोन केला. पत्र सहा महिन्यांच्या कंत्राटाचं आहे म्हटलं. त्या म्हणाल्या, म्हणजे कायम नाही. म्हटलं, कायमसारखंच आहे. त्या म्हणाल्या, ते जोडपं इथेच बसलंय.

ताईला सांगितलेलं नाही. सासूबाई उद्या अकराच्या गाडीने येताहेत.

१ ऑक्टोबर, मंगळवार

सामान हलवायला म्हणून रजा आधीच टाकली होती. त्यामुळे घरी.

सकाळी ताईसाठी वाक्य तयार केलं. पहिला खर्डा: काही तांत्रिक कारणांमुळे माझं स्थलांतर लांबलं आहे. यात मागणी येत नाही. दुसरा: तुमची अडचण होणार नसेल तर मी काही काळ राहण्याचा विचार करू शकते. यात मी उपकार करते आहे असं वाटतं. वाईट नाही, पण ताई हसेल. तिसरा: मी राहू का? तीन शब्द. लिहायला वेळ लागला नाही, म्हणायला स्वयंपाकघरात दोनदा जाऊन पाणी पिऊन परत आले.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा भावजी सासूबाईंना आणायला निघाले होते. ते जाईपर्यंत थांबले. मग ताईला म्हटलं, ‘ताई, मी…’

‘तुझी खाट भिंतीकडच्या बाजूला लावलीये,’ ती कणीक मळता मळता म्हणाली. ‘दाराजवळ त्यांना झोपू दे. त्यांना रात्री उठावं लागतं.’

मागच्या खोलीत जाऊन पाहिलं. माझ्या पलंगावर नवी चादर, सासूबाईंसाठी. भिंतीकडे घडीची खाट, माझ्यासाठी. खाटेचं प्लॅस्टिकसुद्धा काढून झालेलं.

खाट कधी आणली, असं विचारायचं नव्हतं. विचारलं. ताई म्हणाली, तू जाते म्हणालीस त्याच आठवड्यात. भावजींनी माळ्यावर लपवून ठेवली होती, तुला वाईट वाटेल म्हणून.

म्हटलं, तुला काय माहीत मी जाणार नाही ते?

‘घर सोडून जाणारं माणूस खोकी मागतं गं,’ ताई म्हणाली. ‘तू महिनाभर एक खोकंसुद्धा मागितलं नाहीस. आणि आता उभी आहेस तर तो प्रिंटर तेवढा बघ.’

प्रिंटरमध्ये कागद अडकला होता. काढला. भावजींनी तो महिनाभर तसाच ठेवला होता.

सासूबाई आल्या, जेवल्या, पलंगावर पाय लांब करून टेकल्या. मी खाटेवर बसले. खाट करकरते. त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, ‘तू नेमकं काय काम करतेस गं?’

निदान या घरात कुणाला तरी कुतूहल आहे. म्हटलं, सविस्तर सांगते. पंपांच्या कंपनीपासून सुरुवात केली. अहवाल, भागधारक, मंडळ, सगळं क्रमाने.

पान सातपर्यंत पोहोचायच्या आत त्या घोरायला लागल्या.